चिचुंद्रीची बाजू

४ ऑक्टोबर, संध्याकाळी ६.३०
ठरलं. म्हातारा महिनाअखेरीस निवृत्त होतोय. संग्रहालयाचा पुढचा प्रमुख कोण, हे कमिटी अठ्ठावीस तारखेला ठरवणार. उमेदवार दोन. एक मी. सहायक संग्रहपाल, एकवीस वर्षं सेवा, या इमारतीतल्या प्रत्येक मेलेल्या प्राण्याखालची पाटी माझ्या हातची. दुसरी बेडूकबाई. वय तेहतीस, सेवा चार वर्षं, त्यातली दोन एका तळ्याच्या काठावर बूड टेकून काढलेली. याला ती संशोधन म्हणते. आमच्याकडे याला सहल म्हणायचे.
दोघांनी अर्ध्या अर्ध्या तासाचं व्याख्यान द्यायचं, विषय आपापला. कमिटीचे अध्यक्ष निवृत्त दंतवैद्य आहेत. ते समोरच्याचं बोलणं ऐकत नाहीत, दात बघतात. माझे दात चांगले आहेत.

५ ऑक्टोबर, सकाळी ७
दाढी करताना विषय सुचला. ‘चिचुंद्री आणि बेडूक: एक तौलनिक अभ्यास.’ इकडे सस्तन प्राणी, म्हणजे आपल्याच घराण्यातली, गरम रक्ताची. तिकडे उभयचर. धड पाण्याचा नाही, धड जमिनीचा नाही, असल्या प्राण्याची लायकी नावातच आली. दोघांना सारखी जागा, सारखं खाणं. वीस दिवस. भूक, चपळाई, बुद्धी. तिन्हींत बेडूक शून्य ठरेल आणि बेडकापायी चार वर्षं घालवणाऱ्यांचंही आपोआप ठरेल. कुणाचं नाव घ्यायचं नाही. मी सुसंस्कृत आहे.
निश्चय: रोज नोंद. चहा दोनच कप. बायकोशी वाद नाही.

५ ऑक्टोबर, संध्याकाळी
वॉचमनने गोदामातल्या पिंजऱ्यात चिचुंद्री पकडून दिली. म्हणाला, साहेब, घरी नेऊ नका, वास मारते. वॉचमनला वास कळतो, शास्त्र कळत नाही. म्हणून तो गेटवर आहे.
बेडूक खुद्द बेडूकबाईकडूनच मागून घेतला. मुत्सद्देगिरी. तिने कशाला ते विचारलंही नाही. मुठीएवढा, खडबडीत पाठीचा एक नग भोकं पाडलेल्या डब्यात घालून दिला. म्हणाली, सर, याला हलतं खाणं लागतं, मेलेलं चालत नाही. आणि अधूनमधून त्याच्याकडे बघत जा.
बघत जा म्हणे. जावई आहे का?

६ ऑक्टोबर, सकाळी
संग्रहालयात जिवंत प्राण्यांना परवानगी नाही, त्यामुळे प्रयोग घरी, मागच्या खोलीत. मुलीची जुनी माशांची काचेची पेटी घेतली. मधोमध पुठ्ठ्याची भिंत. डावीकडे बेडूक, उजवीकडे चिचुंद्री. दोघांना लपायला एकेक फुटकी कुंडी, पाण्याची ताटली, आणि एकेक वाटी. वाटीत पक्ष्यांच्या दुकानातल्या जिवंत अळ्या, रोज बारा. वर जाळी. आणि सगळ्यावर काळं कापड.
कापड ही माझी स्वतःची पद्धत. निरीक्षकाने प्राण्याला दिसायचं नाही आणि प्राण्याने निरीक्षकाला. नाहीतर दोघंही नाटक करतात. (तळ्याकाठी बसणाऱ्यांना हे कोण सांगणार.) कापडाला वाट्यांच्या वर दोन नाण्याएवढी भोकं ठेवली आहेत. सकाळी टॉर्चने उरलेल्या अळ्या मोजायच्या, वरून नव्या सोडायच्या, बस्स. शिवाय तळाशी दोन्हीकडे काजळी लावलेला कागद, ट्रेसारखा बाहेर ओढता येईल असा. पावलांचे ठसे मिळतील.
बायको गणिताची शिक्षिका आहे. तिने पेटीकडे पाहिलं आणि विचारलं, आत काय चाललंय हे न बघता आत काय चाललंय हे कसं कळणार. मी म्हटलं, यालाच अनुमान म्हणतात. ती म्हणाली, आमच्यात याला ‘पुस्तकामागचं उत्तर बघून लिहिणं’ म्हणतात.
वाद घातला नाही. निश्चय पाळला.

७ ऑक्टोबर, सकाळी ७.१५
पहिल्याच सकाळी घोटाळा. ट्रे ओढताना लक्षात आलं, मधल्या पुठ्ठ्याचा खालचा कोपरा ओला होऊन फाटलाय. चांगली चार बोटं फट. जाळीही एका टोकाला उचललेली. कापडाखालून हात घालून अंदाजानेच चिकटपट्टी मारली, जाळीवर मुलीचा शब्दकोश ठेवला. कापड उचललं नाही. पहिल्याच दिवशी पद्धत मोडली तर उरलं काय?
फट कुणी पाडली, हे उघड आहे. बेडकाला फट म्हणजे काय हे तरी माहीत असतं का.
निकाल. उजवी वाटी: रिकामी. डावी वाटी: बाराच्या बारा शिल्लक, वळवळताहेत.
सस्तन १२, उभयचर ०. एका रात्रीत.

९ ऑक्टोबर
उजवी रिकामी. डावी भरलेली. उजव्या कागदावर ठशांची गर्दी, डाव्या कागदावर फक्त अळ्यांच्या रेघा.
बेडूक तीन दिवस कुंडीतून बाहेरच आलेला नाही. इतकी आळशी जात मी आमच्या लेखा विभागातही पाहिली नाही. मुलगी म्हणाली, बाबा, मेला नाही ना तो? म्हटलं, बेडूक आणि मेलेला बेडूक यांत शास्त्राला फारसा फरक सापडलेला नाही. ती हसली नाही. आजकालच्या मुलांना विनोद समजत नाहीत.
चहा चार कप. संशोधनाला लागतो.

११ ऑक्टोबर
ठसे भिंगाखाली पाहिले. चिचुंद्रीच्या पुढच्या पायाला बोटं पाच असतात, पुस्तकात तसं आहे. माझ्या कागदावर चारच उमटतात. तासभर विचार केला. उलगडा झाला. ही एक बोट उचलून चालते. चार बोटांत काम भागतं तर पाचवं कशाला झिजवा? ही काटकसर, हा विवेक. बेडकाला अशी कल्पना सात जन्मांत सुचणार नाही.
मागचे पायही लांब उमटतात. खाऊन खाऊन वाढतेय.
वहीत वेगळं प्रकरण केलं: ‘चिचुंद्रीची पावलं: काही नवे विचार.’

१२ ऑक्टोबर
बायको म्हणते, स्वयंपाकघरात वास येतो. मी म्हटलं, मोरीचा असेल. ती म्हणाली, मोरी मी काल धुतली. म्हटलं, मग धुतल्याचा असेल.
फ्रिजमागून चिकचिक असा आवाज येतो, हीही तिची तक्रार. फ्रिज अकरा वर्षांचा आहे. या वयात आवाज येतातच.

१४ ऑक्टोबर
मुलीने ओट्याच्या कडेने काहीतरी पळताना पाहिलं. करड्या रंगाचं, भिंतीला चिकटून. म्हणाली, बाबा, तुझी ती नाही ना? शांतपणे समजावलं. माझी ती पेटीत आहे, आजच तिने बारा अळ्या खाल्ल्या. पळालं ते उंदीर. उंदीरही सस्तनच, पण कनिष्ठ शाखा. आमच्याकडचे कारकून जसे.

१६ ऑक्टोबर, दुपारी
ठशांचा एक कागद ऑफिसात नेला होता. मुद्दाम टेबलावर पसरून ठेवला, बेडूकबाई जाता-येता बघेल अशा बेताने. तिने पाहिला. वाकून पाहिला, चष्मा कपाळावर सरकवून पाहिला. मग विचारलं, सर, कुणाचे ठसे हे? म्हटलं, चिचुंद्रीचे. ती बोटं मोजत म्हणाली, पुढच्या पायाला चार बोटं आहेत सर.
म्हटलं, माझ्या लक्षात आलेलं आहे. त्यावर स्वतंत्र प्रकरण आहे.
ती म्हणाली, सर, एकदा कापड उचलून बघाल का, माझा बेडूक बरा आहे ना?
बघा. माझ्या पद्धतीवर घाव घालायचा, आणि तोही बेडकाची काळजी करतेय असं दाखवून. मत्सर माणसाला किती गोड बोलायला लावतो. म्हटलं, अठ्ठावीस तारखेला सगळेच बघतील.
ती ‘बरं सर’ म्हणाली. चेहरा उतरला होता. ओळखलं असणार, कोण पुढे आहे ते.

१८ ऑक्टोबर
बायकोने फ्रिजमागचा प्राणी रिकाम्या बिस्किटाच्या डब्यात पकडला आणि मागच्या कुंपणापलीकडे सोडून दिला. जेवताना सांगत होती, उंदीर नव्हता हो, नाक लांब होतं, सोंडेसारखं, आणि वास असा की डबाच फेकून द्यावा लागला.
उंदरांची नाकं लांबच असतात. भूमितीवाल्यांनी प्राण्यांत पडू नये, असं म्हणणार होतो, पण निश्चय आठवला. डब्याचं वाईट वाटलं. चांगला डबा होता.
आजही उजवीकडे बारा. डावीकडे वाटी आता ओसंडून वाहतेय, रोजच्या बारा तशाच साठताहेत. मी नियमाने सोडतोच आहे. न्याय म्हणजे न्याय, घेणारा नालायक असला तरी.

२० ऑक्टोबर, सकाळी
पाण्याची ताटली बदलायला कापडाखालून हात घातला, तर बोटांना उजवीकडे काहीतरी गार लागलं. गार, ओलसर, खडबडीत. झटकन हात काढला.
अर्धा तास बसून विचार केला. गरम रक्ताचा प्राणी गार कसा लागेल? उत्तर एकच. सुप्तावस्था. पोटभर खाल्लं की ती शरीराचं तापमान मुद्दाम खाली आणते आणि शक्ती वाचवते. चिचुंद्रीत हे मी प्रथमच नोंदवतोय. व्याख्यानातली चार मिनिटं यालाच. खडबडीतपणा धुळीचा असावा.
हात साबणाने धुतले तरी बोटांना काहीतरी चिकट राहिलं होतं. शोधाची किंमत.

२३ ऑक्टोबर
घरी तालीम. बायको आणि मुलगी सोफ्यावर. मी उभा. सत्तावीस मिनिटं. शेवटचं वाक्य: ‘म्हणून, सभ्य श्रोतेहो, ज्यांना उन्नतीची आस आहे त्यांनी सस्तनांकडे पाहावं, डबक्याकडे नाही.’
मुलगी म्हणाली, बाबा, छान आहे, पण जरा चिडल्यासारखं वाटतं. बायको म्हणाली, आलेख चांगले आहेत, सगळे एकसारखे. मग म्हणाली, अहो, एकदा कापड उचलून बघा ना, मी डोळे मिटते हवं तर.
घरात पाठिंबा मिळत नाही म्हणूनच बरेच शास्त्रज्ञ अविवाहित असतात.

२७ ऑक्टोबर
केस कापले. शर्ट इस्त्रीला. पेटी न्यायला टेम्पो ठरवला.
पदावर आल्यावर बदलायच्या गोष्टी: प्रमुखाची खुर्ची (जुनी करकरते). वॉचमनची ड्यूटी. तळ्यासाठीचा मोटरसायकल भत्ता बंद. बेडूकबाईला सरपटणारे प्राणी द्यायचे, हळूहळू वर आणू. मी सूडबुद्धीचा माणूस नाही.

२८ ऑक्टोबर, सकाळी ६
उजवी वाटी रिकामी. बावीस दिवसांत एकदाही चूक नाही. निघतो.

२८ ऑक्टोबर, संध्याकाळी ५
जसं झालं तसं लिहितो. भविष्यात कुणी उलटसुलट सांगितलं तर इथे नोंद असावी.
ती आधी बोलली. तीन फोटो, वीस मिनिटं, आवाज इतका बारीक की शेवटच्या रांगेतला वॉचमन कानामागे हात धरून बसला होता. ‘हे मला अजून कळलेलं नाही’ असं चक्क दोनदा म्हणाली. इंटरव्ह्यूत. मला तिची दया आली.
मग मी. प्रस्तावना उत्तम झाली. चपळाईवर, भुकेवर, विवेकावर बोललो. मग म्हटलं, आता या बुद्धिमान सस्तन प्राण्याची आपण प्रत्यक्ष भेट घेऊ, आणि कापड ओढलं. उजवीकडची कुंडी उचलली.
कुंडीखाली बेडूक होता.
जवळजवळ दुप्पट झाला होता. अध्यक्षांकडे तोंड करून बसला होता आणि त्याने सावकाश डोळे मिटले.
अध्यक्षांनी विचारलं, ही चिचुंद्री का? मी म्हटलं, प्रकाशामुळे तसं दिसतं. का म्हटलं ते मलाही कळलं नाही. ते उठले, पेटीपाशी आले, चष्मा लावून बेडकाच्या तोंडाशी वाकले आणि म्हणाले, याला दात नाहीत.
कमिटीतल्या बाईंनी विचारलं, मग बेडूक कुठाय? सवयीने डावीकडची कुंडी उचलली. खाली कुणी नव्हतं. अळ्या होत्या. दोन-अडीचशे असाव्यात. काहींचे काळे किडे होऊन काचेवर चढायला लागले होते. बाईंनी पाय खुर्चीवर घेतले. वॉचमन मागून म्हणाला, साहेब, तो उजवीकडंच आहे. जणू माझ्या लक्षात आलं नव्हतं.
सगळे हसले. बेडूकबाई सोडून. ती पुढे आली, बेडूक ओंजळीत घेतला, उलटापालटा करून पाहिला आणि म्हणाली, तब्येत छान आहे सर, चांगलं सांभाळलंत.
माझी बारा मिनिटं शिल्लक होती. भाषण टाइप केलेलं होतं. वाचलं. प्रत्येक वेळी मी ‘चिचुंद्री’ म्हटलं की अध्यक्ष सौम्यपणे म्हणायचे, म्हणजे बेडूक. मी ‘बेडूक’ म्हटलं की म्हणायचे, म्हणजे कुणीच नाही. सुप्तावस्थेची चार मिनिटं फार लांबली. ‘डबक्याकडे नाही’ हे वाक्य गाळलं असतं तर बरं झालं असतं, पण वाचताना डोळे पुढे जातातच.

२९ ऑक्टोबर
शांत डोक्याने विश्लेषण.
फट पहिल्याच रात्री पडली. चिचुंद्री फटीतून डावीकडे, तिथून जाळीच्या उचललेल्या टोकाने बाहेर. बेडूक त्याच फटीतून उजवीकडे. मी सकाळी चिकटपट्टी मारली ती त्याला उजवीकडे ठेवून. इथवर कुणाचीच चूक नाही.
दोष: पुठ्ठा (हलका). चिकटपट्टी (बायकोने आणलेली). शब्दकोश (वजनाने कमी). वॉचमनने मुळात पळकुटी चिचुंद्री दिली. बेडूकबाईने इतका खादाड बेडूक देताना लेखी सूचना दिली नाही. पद्धतीत दोष नाही. कापडाने आपलं काम चोख केलं.
बायकोने विचारलं, मग तो लांब नाकाचा उंदीर? काही प्रश्न केवळ दुखवायला विचारलेले असतात.

३१ ऑक्टोबर
पत्र आलं. बेडूकबाई प्रमुख. कमिटीला तिचा ‘प्रामाणिकपणा’ भावला म्हणे. म्हणजे ‘मला माहीत नाही’ म्हणणाऱ्याला खुर्ची, आणि एकवीस वर्षं सगळं माहीत असलेल्याला ‘आपल्या सहकार्याची अपेक्षा’. या संस्थेचं काय होणार हे सांगायला ज्योतिषी नको.
राजीनामा लिहिला. पहिला खर्डा चार पानी. जरा रागीट झाला. दुसरा दोन पानी. उद्या तिसरा. स्वाभिमान संक्षिप्त असावा.

३ नोव्हेंबर
बेडूकबाईने, म्हणजे मॅडमनी, केबिनमध्ये बोलावलं. खुर्ची अजून करकरते. म्हणाल्या, सर, तुमची वही मिळेल का? बंद जागेत बेडकाने बावीस रात्री किती खाल्लं आणि कसा फिरला याची एवढी नीट नोंद मी पाहिलेली नाही. रोजचे ठसे, रोजचं खाणं, एकही दिवस गाळलेला नाही. फक्त जिथे जिथे ‘चिचुंद्री’ आहे तिथे नाव बदलावं लागेल.
म्हटलं, विचार करून सांगतो.
दुपारभर नाव बदलत बसलो. एकशे चौदा ठिकाणी होतं. ‘काही नवे विचार’ हे प्रकरण त्यांनी काढून टाकायला सांगितलं. ‘विवेक’ हा शब्दही. बेडकाला शोभत नाही, असं त्या म्हणाल्या नाहीत, पुरावा नाही म्हणाल्या. उभयचर कक्षाची जबाबदारी सोमवारपासून माझ्याकडे. पाट्या जुन्या झाल्यात, अक्षर तुमचंच हवं, म्हणाल्या.
राजीनामा खिशात होता. योग्य क्षण आला नाही. केबिनमध्ये फोन वाजत होता.

५ नोव्हेंबर, रात्री ८
आज लख्ख प्रकाश पडला. मी जिंकलोय. कुणाच्या लक्षातच आलं नाही, माझ्याही नाही.
जेवताना बायकोला समजावून सांगितलं. पेटी एकच. फट एकच, दोघांनाही सारखीच खुली. चिचुंद्री त्या फटीने गेली ती जाळीपर्यंत पोचली, जाळी उचलली आणि पहिल्याच रात्री मोकळी झाली. बेडूक त्याच फटीने गेला, पलीकडे वाटी दिसली, तिथेच बसला. बावीस दिवस. म्हणजे बुद्धी कुणाला आणि कुणाला नाही, हे प्रयोगाने सिद्ध झालेलंच आहे. निष्कर्ष शंभर टक्के बरोबर होता, फक्त पुरावा निघून गेला होता. कमिटीला पत्र लिहिणार आहे.
बायको वह्या तपासत होती. म्हणाली, हो, हे मात्र सिद्ध झालं. ज्याला रोज भरलेली वाटी मिळते तो जागचा हलत नाही. पुढची वही ओढत, वर न बघता विचारलं, राजीनामा दिलात का?
टाइपिंगला टाकलाय, म्हटलं.
बरं, म्हणाली. मग उद्या डबा किती वाजता हवाय?
साडेआठला, म्हटलं.